गॉसफर्थचा शिलाक्रूस

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, पूर्वी कंबरलँड नावाने ओळखल्या जाणाऱ्या परगण्यात, गॉसफर्थच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात तांबूस वालुकाश्माचा, सुमारे साडेचौदा फूट उंचीचा एक सडपातळ क्रूस उभा असून, नॉर्स दर्यावर्दी या मुलखात वस्ती करून हळूहळू ख्रिस्ती होत होते त्या दहाव्या शतकात तो घडविला गेला. बुंध्याशी वाटोळा असलेला हा स्तंभ वर जाता जाता चौकोनी होतो, आणि त्या चौकोनी अंगावरच खरे नवल आहे. एका बाजूस बाहू पसरलेला ख्रिस्त, त्याच्या पायाशी भालाईत आणि लांब वेणीची एक स्त्री; दुसरीकडे मात्र बंधनात जखडलेला नॉर्स पुराणकथांतील लोकी, आणि सर्पाचे ठिबकणारे विष पात्रात झेलणारी त्याची भार्या सिगिन! अन्यत्र विदार हा देव पाय श्वापदाच्या जबड्यात रोवून तो फाडीत आहे. कित्येकांस ही धर्मांची सरमिसळ वाटते. मला तसे वाटत नाही. जुन्या देवांचा अंत आणि नव्याचा विजय एकाच दगडावर मांडणारा हा पाथरवट पुरता सावध होता. तथापि, ही नॉर्स कथाचित्रे चार्ल्स पार्कर या हौशी पुराणवस्तुसंशोधकाने ओळखली ती थेट १८८६ साली. मूळ क्रूस आजही उघड्यावरच आहे. तेथवर जाणे न जमल्यास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील त्याची प्रतिकृती अवश्य पाहावी.