अक्षरसंख्येवरून शब्दशोध

ठरावीक लांबीचा आणि दिलेली अक्षरे पोटात असलेला शब्द स्मरणातून, कोशातून किंवा संगणकाच्या साहाय्याने हुडकून काढणे. इंग्रजीत ही खटपट शब्दकोडी, स्क्रॅबल आणि अलीकडे वर्डल या खेळांमुळे घरोघरी पोचली. आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात 21 डिसेंबर 1913 रोजी छापून आले. तेव्हापासून एका घरात एक रोमन अक्षर हा हिशेब कोणाला समजावून सांगावा लागलेला नाही. 26 अक्षरे पाच घरांत 1,18,81,376 प्रकारांनी बसतात. त्यांतले नित्य वापरातले शब्द काही हजारच असतात, आणि एखाददुसरे अक्षर हाती लागले की उरलेला शोध झपाट्याने आखडतो. मराठीत मात्र आरंभालाच प्रश्न उभा राहतो: घरात भरायचे काय? वर्ण, अक्षर, की संगणकातला संकेतांक? मराठी कोड्यांनी अक्षर निवडले, म्हणजे स्वर, किंवा स्वरासह व्यंजन वा जोडाक्षर. ही निवड केवळ छापखान्याची सोय म्हणून झाली असे मानण्याचे कारण नाही. भाषेतली मोजणी आधीपासून याच मापाने चालत आली होती. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात 19 अक्षरे, मोठ्या अभंगात 6, 6, 6 आणि 4. रत्नागिरीजवळच्या मालगुंडात जन्मलेल्या केशवसुतांनी सुनीत मराठीत आणले. परक्या घाटाच्या त्या रचनेतही ओळ मोजायची ती आपल्याच मापांनी.

या निवडीने शोधाचे स्वरूपच पालटते. रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची नावे त्याला पुरेसा पुरावा आहेत. खेड व लांजा दोन अक्षरी, दापोली तीन अक्षरी, चिपळूण, गुहागर, राजापूर व रत्नागिरी चार अक्षरी, मंडणगड व संगमेश्वर पाच अक्षरी. ‘चार अक्षरी तालुका, शेवटी र’ एवढ्यावर गुहागर आणि राजापूर ही दोनच नावे उरतात. तिसरे घर ‘पू’ आहे असे कळले की प्रश्न संपला. नुसत्या बाराखडीने चारशेच्या घरात अक्षरे होतात, जोडाक्षरे आणखी वेगळी, त्यामुळे मराठीत हाती आलेले प्रत्येक अक्षर रोमन अक्षरापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते. त्याची किंमत कोडे रचणाऱ्याला मोजावी लागते. रोमन लिपीत लिहिलेली दापोली उरलेल्या आठही नावांना कुठे ना कुठे छेदते. देवनागरीत दा, पो, ली यांपैकी एकही अक्षर दुसऱ्या कोणत्याच तालुक्याच्या नावात नाही, म्हणून ती एकाही नावाला छेदत नाही. लांज्याचा ‘जा’ राजापुरात सापडतो, खेडचा ‘ड’ मंडणगडात; रत्नागिरीला फक्त पहिला ‘र’ तारतो. आडवे आणि उभे शब्द एकमेकांत गुंतवणे मराठीत असे अवघड जाते. मराठी कोड्यात काळी घरे पुष्कळ दिसली तर ती रचनाकाराच्या आळसाची खूण समजू नये.

यावर पहिला आक्षेप व्याकरणाच्या बाजूने येतो: मग वर्णच का मोजू नयेत? शाळेत शब्दाची फोड वर्णांनीच करतात. तशी फोड केली तर रत्नागिरीत र्, अ, त्, न्, आ, ग्, इ, र्, ई असे नऊ वर्ण मिळतात आणि कोडी इंग्रजीसारखी सैल होतात. पण घराघरातून हलन्त व्यंजने आणि सुटे स्वर भरत गेले तर उभ्या ओळीत तयार होणारा मजकूर मराठी वाचकाला मराठी वाटणार नाही; तो पुन्हा सांधून वाचावा लागेल. दुसरा आक्षेप उच्चाराचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. ‘फणस’ लिहिताना तीन अक्षरे, बोलताना शेवटचा अकार गळतो आणि दोनच आघात उरतात, ‘कोकण’चेही तेच. म्हणजे अक्षर हे बोलीचे अचूक माप नाही, हे कबूल करायला हवे. मात्र कोडे कागदावर लिहून सोडवायचे असते, आणि लिहिताना ‘स’ला स्वतंत्र घर लागतेच.

संगणकाची मोजणी ही तिसरी, आणि सर्वांत फसवी. युनिकोडमध्ये रत्नागिरी साठवायला र, त, हलन्त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी असे नऊ संकेतांक लागतात. वर्णही नऊ, रोमन अक्षरेही नऊ. पण हा योगायोग आहे, कारण संगमेश्वरला रोमनमध्ये बारा अक्षरे आणि युनिकोडमध्ये नऊच संकेतांक होतात. साधा शोध ‘र असलेले शब्द’ मागितल्यावर ‘गिरी’ही पुढे करतो, वास्तविक तिथल्या घरात ‘री’ आहे. वाचकाच्या दृष्टीने एक असलेली अक्षरे ओळखण्याचे युनिकोडचे जुने नियमही ‘त्ना’चे ‘त्’ आणि ‘ना’ असे दोन तुकडे करत, म्हणजे रत्नागिरी पाच घरांची होई. 2023 मधल्या 15.1 या आवृत्तीत जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम आला आणि कोडे सोडवणाऱ्याचे चार यंत्रानेही मान्य केले. छापील कोशांची अडचण वेगळीच. मोल्सवर्थ (1831, दुसरी आवृत्ती 1857) असो की दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, दोन्ही आद्याक्षराने लावलेले आहेत. शेवटचे अक्षर तेवढे ठाऊक असणाऱ्याला ते पाने उलटण्यापलीकडे मदत करत नाहीत.

लिपी बदलली तर हे माप टिकते का? याची परीक्षा रत्नागिरीच्याच संदर्भात घेता येते. 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी लिपिसुधारणेचा हिरिरीने पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ यांच्या जागी अि, अी, अु, अू लिहिणारी अ-ची बाराखडी हा त्या सुधारणेचा ठळक भाग. ती रूढ झाली नाही, पण तिने ‘इमारत’ची ‘अिमारत’ केली तरी घरे चारच राहतात. संकेतांक मात्र पाचाचे सहा होतात. शुद्धलेखनाचे नियम अधिक खोल जातात. ‘नांव’वरचा अनुच्चारित अनुस्वार गेला, दोन घरे कायम राहिली, पण ‘नां’ मागणाऱ्या उभ्या शब्दाचा आधार गेला. 1962 च्या नियमांनी अंत्य इकार-उकार दीर्घ ठरवले, तेव्हा ‘कवि’चा ‘कवी’ झाला. ‘कविता’ जशीच्या तशी राहिली. पूर्वी हे दोन शब्द दुसऱ्या घरात एकमेकांना छेदू शकत होते. आता छेदत नाहीत.