टपाली बुद्धिबळ आणि संगणक

टपाली बुद्धिबळ : समोरासमोर न बसता पत्राने, ईमेलने किंवा सर्व्हरवरून एकेक चाल कळवून खेळला जाणारा बुद्धिबळाचा प्रकार. एक डाव कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ चालतो. घरी पट मांडून, पुस्तके उघडून विचार करण्याची मुभा यात पहिल्यापासून आहे.

इतिहास : मराठवाड्याला जवळचा असा या खेळाचा जुना दाखला हैदराबादचा आहे. १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद या शहरांत पत्रांद्वारे सामना झाला. आजच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद ही त्याची राजधानी. या सामन्याचे दोन डाव गुलाम कासिम व जेम्स कॉक्रन यांच्या मुझिओ गँबिट या डावाच्या सुरुवातीवरील पुस्तकात आले. ते १८२९ मध्ये मद्रासला छापले गेले. आंतरराष्ट्रीय टपाली बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली. पहिले जगज्जेतेपद ऑस्ट्रेलियाच्या सेसिल पर्डी यांनी १९५३ मध्ये मिळवले.

पद्धत : निरनिराळ्या भाषांच्या खेळाडूंसाठी चाली आकड्यांत लिहितात. पटाच्या उभ्या आणि आडव्या ओळींना १ ते ८ क्रमांक असतात; पहिले दोन अंक निघण्याचे घर, पुढचे दोन पोचण्याचे. पोस्टकार्डावर ‘५२५४’ असे असले, तर पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले असे समजायचे. ‘७१६३’ म्हणजे राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढला. टपालाच्या डावांत १० चालींना ३० दिवस मिळत आणि पत्राच्या प्रवासाचे दिवस त्यात धरत नसत. सर्व्हरवर साधारणतः १० चालींना ५० दिवस देतात.

संगणकाचे बळ : १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवले. २००५ मध्ये ‘हायड्रा’ या संगणकाने ग्रँडमास्टर मायकेल ॲडम्सवर ५½–½ अशी मात केली. मात्र त्याच सुमारास जर्मनीच्या अर्नो निकेल यांनी हायड्राच्या जुन्या आवृत्तीला टपाली पद्धतीच्या दोन डावांत हरवले. त्यांच्या हाताशीही संगणक होतेच. पण कोणत्या चालीचा शोध खोलवर घ्यायचा आणि यंत्राचे कोणते मत बाजूला सारायचे, हे निकेल स्वतः ठरवत होते. पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरे (राजे धरून) उरले, की अचूक निकाल तयार कोष्टकांत सापडतो. तिथे माणसाला करण्यासारखे काही राहत नाही.

नियम : आंतरराष्ट्रीय महासंघ संगणकाची मदत घेऊ देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेच्या टपाली स्पर्धांत ती निषिद्ध आहे. म्हणून स्पर्धेत उतरण्यापूर्वी नियम वाचणे हे खेळाडूचे पहिले कर्तव्य ठरते.

मानवी कौशल्य : गणनेत माणूस आता यंत्राच्या जवळपासही नाही. त्याचे काम उरते ते डावाला दिशा देण्याचे. दुबळ्या बाजूने तटबंदी बांधली, तर यंत्र पुष्कळ काळ दुसऱ्या बाजूला वरचढ दाखवत राहते. ती तटबंदी फुटणार नाही, हे जाणता खेळाडू आधी ओळखतो. विजयाची शक्यता जिवंत राहील अशी गुंतागुंतीची सुरुवात निवडणे, यंत्राने मागे टाकलेली चाल हट्टाने पुढे वीस चालींपर्यंत तपासणे आणि महिनोन्‌महिने धीर न सोडणे, यांत त्याचा कस लागतो.

सद्यःस्थिती : प्रबळ संगणक सर्वांच्या हाती आल्याने बरोबरीचे प्रमाण फार वाढले आहे. २०२२ मध्ये संपलेल्या ३२व्या जागतिक अंतिम स्पर्धेत १७ खेळाडू होते. बहुतेक डाव बरोबरीत सुटले आणि अमेरिकेचे जॉन एडवर्ड्स विजयी झाले. सर्व्हरमुळे नांदेड-लातूरच्या खेळाडूला प्रवासखर्चाशिवाय परदेशी प्रतिस्पर्धी मिळू शकतो. यंत्र दोघांपाशी सारखेच असले, तर फरक पडतो तो त्याला विचारलेल्या प्रश्नांनी. म्हणून या खेळाची साधना आजही आधी स्वतःच्या डोक्याने पट वाचण्यापासूनच सुरू करावी लागते.