तारेचें गाऱ्हाणें



माझ्या घरांत बाहेरच्या खोलींतील भिंतीवर एक लहानशी पांढरी पेटी आहे. तिला राउटर म्हणतात. तिच्यावरील दिवे हिरवे असले म्हणजे इंटरनेट चालू आहे असें समजावयाचें. त्यांतील एक तांबडा होऊन लुकलुकूं लागला म्हणजे केसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून येणारा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोंचत नाहीं असें जाणावयाचें. गेल्या नोव्हेंबरांत हा दिवा अकरा दिवस तांबडा होता. नोव्हेंबर हा आम्हां निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला देण्याचा महिना. सन २०१४ पासून हा दाखला घरबसल्या धाडण्याची सोय झाली आहे. पण पेटीच मेलेली, त्यामुळें मालक जिवंत असल्याचें सिद्ध होईना! शेवटीं काठी घेऊन बँकेच्या रांगेंत उभा राहिलों.

तक्रार करावी तर प्रथम यंत्राचा आवाज, मग संगीत, आणि मग पेटी बंद करून पुन्हां चालू करा हा उपदेश. तिसऱ्या दिवशीं संदेश आला कीं, आपल्या तक्रारीचें निवारण झालें आहे. दिवा मात्र तांबडाच. अशा रीतीनें माझी एकच तक्रार चार वेळां निवारण पावली. बिघाड दुरुस्त झाला कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न त्या रिकाम्या दिवसांत मनांत आला. मी कायद्याचा पंडित नव्हे. तरी शोध घेतां घेतां बराच मागें गेलों.

आपल्या देशांत तारायंत्र सामान्य जनतेस खुलें झालें तें सन १८५५ च्या फेब्रुवारींत. सन १८८२ च्या जानेवारींत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें दूरध्वनीचीं केंद्रें उघडलीं. मग आला सन १८८५ चा तारांचा कायदा. त्याच्या नवव्या कलमानें असें ठरविलें कीं, निरोप घेणें, धाडणें वा पोहोंचविणें यांत तारखात्याच्या नोकराकडून कसूर झाल्यास होणाऱ्या नुकसानीस सरकार जबाबदार नाहीं. आणि हयगय, द्वेष वा लबाडी केली असल्याखेरीज तो नोकरहि जबाबदार नाहीं. शाहू महाराजांनीं सन १८९५ मध्यें वसविलेल्या शाहूपुरींतील एखाद्या गुळाच्या व्यापाऱ्यानें मुंबईस भावाची तार केली, आणि ती दोन दिवस उशिरां पोहोंचली, असें धरूं. तेवढ्यांत बाजार उतरला, खोट आली. ती सरकारकडून भरून मिळण्याची वाट कायद्यानेंच बंद केलेली होती. मात्र त्या सरकारचें बोलणें एका अर्थीं प्रामाणिक होतें असें मला वाटतें. भरपाई देणार नाहीं हें त्यानें आधींच छापून ठेविलें होतें.

स्वातंत्र्यानंतर सन १९५७ मध्यें या कायद्यांत ‘७ ब’ हें कलम घालण्यांत आलें. तार, उपकरण वा यंत्र यांविषयीं खातें व ग्राहक यांत वाद उत्पन्न झाला तर तो केंद्र सरकारनें नेमलेल्या लवादापुढें जावा, आणि त्याच्या निवाड्याविरुद्ध कोणत्याहि न्यायालयांत प्रश्न काढतां येऊं नये. खातें सरकारचें, आणि लवाद नेमणारेंहि सरकारच!

तो काळ माझ्या पिढीनें पाहिला आहे. दूरध्वनीसाठीं अर्ज करून लोक वर्षानुवर्षें वाट पाहात. तो बिघडला म्हणजे शेजाऱ्याच्या घरून १९८ हा क्रमांक फिरवावयाचा. लाइनमन येई तेव्हां येई. त्याला चहा, आणि दिवाळीस पोस्त. पावसाळ्यांत तांब्याच्या तारेच्या सांध्यांत पाणी शिरे आणि बोलण्यापेक्षां खरखरच अधिक ऐकूं येई. तरी त्या काळ्या यंत्राची एक थोरवी मान्य केली पाहिजे. त्यास लागणारी ४८ व्होल्टांची वीज केंद्रांतील बॅटऱ्यांतून त्याच तारेवाटें येई, म्हणून गांवांत अंधार असला तरी तें वाजे. कांचेच्या तंतूला पाण्याचें भय नाहीं. पण कांचेंतून वीज येत नाहीं. सन २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेनें राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची खूण ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहराच्या मोठ्या भागांत वीज गेली. ज्या घरांत वीज नाहीं तेथील पेटी, तंतु धडधाकट असूनहि, आंधळीच.

दाद मागण्याची वाट बदलली ती सन १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें. त्यामागें पुण्यास सन १९७४ मध्यें बिंदुमाधव जोशी यांनीं सुरूं केलेल्या ग्राहक पंचायतीसारख्या चळवळींचे श्रम होते. परंतु दूरध्वनीच्या बाबतींत ‘७ ब’ कलम आडवें आलें. सन २००९ च्या सप्टेंबरांत केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, असे वाद ग्राहक मंचापुढें चालणार नाहींत. बारा वर्षें अनेकांचीं गाऱ्हाणीं या एका निकालाच्या उंबरठ्यावर अडलीं. पुढें अहमदाबादच्या एका ग्राहकास, ज्याचें मासिक बिल सरासरी ५५५ रुपये होतें, एकदम २४ हजारांहून अधिक रुपयांचें बिल आलें. तो माणूस चिकाटीचा. त्याचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं निकाल झाला कीं, लवादाची तरतूद असली तरी ग्राहक आयोगाचें दार बंद होत नाहीं. सन २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें तर हा हक्क अबाधित असल्याचें स्पष्टच लिहिलें.

नियमहि आहेत. सन २००६ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ब्रॉडबँडसाठीं घातलेल्या दंडकानुसार शंभरांपैकी नव्वदांहून अधिक बिघाड दुसऱ्या कामाच्या दिवशीं दुरुस्त व्हावयास हवे होते. सन २०२४ मध्यें त्यांच्या जागीं नवे नियम आले. पण नियमाची मोजणी होते ती नोंदवहीवरून, आणि नोंदवहींत माझा बिघाड चार वेळां दुरुस्त झालेला होता. म्हणून मींहि शाळेंतील संवयीनें एक वही घातली: तारीख, वेळ, तक्रारीचा क्रमांक, दिव्याचा रंग.

अकराव्या दिवशीं एक तरुण शिडी घेऊन आला. शेजारच्या घरास रंग देणाऱ्यांच्या परांचीच्या दोरीखालीं तंतु दबून मुरडला होता. कांचेचा तंतु असा वांकला कीं त्यांतील प्रकाश वांकणावरच बाहेर सांडतो. वीस मिनिटांत काम झालें. त्या मुलाकडे शहराचे तीन विभाग होते. त्याच्यावर मी रागावलों नाहीं, चहा दिला. पुढें बिल आलें तें पुऱ्या महिन्याचें. अकरा दिवसांचें भाडें वजा करावें असें पत्र मीं वहींतील पानांच्या नकला जोडून धाडलें. दोन दिवसांनीं संदेश आला कीं, आपल्या तक्रारीचें निवारण झालें आहे. वहींत ती पांचवी नोंद केली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यावयाच्या अर्जाचा मसुदा लिहावयास घेतला आहे.