नाग नदीचे तीर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीचे पाणी सीताबर्डीत शिरले, मोरभवन स्थानकातील गाड्या बुडाल्या, पंचशील चौकातील पूल खचला. आणि नदीने शहरावर आक्रमण केले, असे जो तो म्हणू लागला. इतिहास पाहता आम्हांस हा आरोप उलटा वाटतो.

नागपुरास जिचे नाव मिळाले ती हीच नदी. नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांचे व इंग्रजांचे सैन्य बर्डीच्या टेकड्यांसाठी झुंजले, तेव्हा शहर पूर्वेस होते. १८६७ साली आगगाडी आली, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि वस्ती पश्चिमेकडे दाटत गेली. टेकडीची लढाई पाठ्यपुस्तकांत गेली. दक्षिणेच्या नदीस मात्र ‘नाला’ म्हणण्याची रीत पडली. नाल्याची मर्यादा कोण पाळतो?

काठालगत भिंती चढल्या, वरच्या अंगाची जमीन डांबर-सिमेंटखाली गेली. मुरणारे पाणी मुरेनासे होऊन एकदम धावून येऊ लागले. अरुंद पात्रात त्याचा वेग वाढतो, तळ खरवडला जातो आणि भिंतीचा पाया उघडा पडतो. समुद्रकाठीही असेच घडते. एका गावाने समुद्रात आडवा बंधारा घातला, की किनाऱ्याने सरकणारी वाळू अडते व पलीकडल्या गावाची पुळण झिजते.

त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, माणसे दगावली. पाऊस कोणाच्या हातचा नव्हता, हे खरे, पात्र होते. पुरानंतर काठच्या भिंती नव्याने बांधण्याची कामे निघाली. त्यांत नदीस किती रुंदी परत मिळते, हे आम्ही पाहणार आहोत.