मोहाची कणगी आणि आबकारी

चैत्रात पहाटे गळालेले मोहफूल उन्हात कडक वाळवले, कणगीत ओल शिरू दिली नाही, तर पावसाळा निभावून नेते. आदिवासींच्या घरात ते आधी अन्न, मग दारू. ओल लागली की बुरशी धरते, फूल वाया जाते. म्हणजे साठवण हीच खरी विद्या. सत्तेने नेमका तिच्यावरच हात घातला. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने परवान्याविना घरची भट्टी गुन्हा ठरली. १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात कणगीतले फूलही आरोपी झाले. सरकारी महसूल मक्तेदाराच्या गुत्त्यातून यायचा ना! स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही फुलांवरचा पहारा उठवला नाही. महाराष्ट्रात हे निर्बंध सैल व्हायला २०२१ उजाडले.