पोरॉस

प्राचीन ग्रीकांच्या ‘पोरॉस’ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार किंवा सामुद्रधुनी असा असून आपल्या ‘पार’शी असलेले त्याचे नाते भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच जुळविलेले आहे. गाय झालेली आयो नावाची युवती जी सामुद्रधुनी ओलांडून गेली म्हणून तिला ‘बॉस्पोरस’, अर्थात गाईचा उतार, हे नाव पडले अशी कथा आहे, तिच्यावर इ. स. पू. ५१३ च्या सुमारास सामोसच्या मान्द्रोक्लीस नामक स्थपतीने नौकांस नौका जखडून सेतू बांधला आणि इराणच्या दारयवहू बादशहाची फौज युरोपात उतरली.

पुढे या शब्दाने पाणी सोडले, असे गमतीने म्हणावेसे वाटते. कारण उतार सापडणे म्हणजेच तजवीज लागणे, आणि तजवीज म्हणजे अखेर पैसा, या क्रमाने तो थेट खजिन्यात पोहोचला व झेनोफनने अथेन्सच्या महसुलावर प्रबंध लिहिला त्याचे नावच ‘पोरॉय’ पडले.

परक्या गलबतावरचा उतारू तो ‘एम्पोरॉस’. कालांतराने तोच व्यापारी झाला आणि त्याची पेठ ‘एम्पोरियॉन’ ठरली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या नाविक-वृत्तान्तात आपल्या कल्याणास हीच संज्ञा दिली आहे; मात्र संदनेस नावाच्या शासकाचा अंमल बसल्यापासून तेथे चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला रवाना होत, असेही त्यात नमूद आहे.