चाक, पंखा आणि गोदावरीची ओढ

सोनपेठ तालुक्यात खडक्याच्या बंधाऱ्यापाशी उभे राहून गोदावरीकडे पाहिले, तर या नदीतून आगबोटी चालवाव्यात असे कधी कोणाच्या मनात आले असेल, हे खरे वाटत नाही. उन्हाळ्यात वाळूच वाळू आणि पावसाळ्यात गढूळ लोंढा. पण याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, आंध्रात धवळेश्वर येथे, सर आर्थर कॉटन या इंजिनियराने १८५२ साली मोठा बंधारा पुरा केला आणि मग एक भला मोठा बेत मांडला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून थेट समुद्रापर्यंत न्यायचा! आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले सिरोंचा त्या काळी या वाटेवरचे महत्त्वाचे ठाणे होते. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर. ते चुकवण्यासाठी कालवे खोदायला घेतले, माणसे तापाने आजारी पडली, पैसा ओतला, आणि १८७१ साली काम सोडून दिले. तोवर, १८६७ मध्ये, आगगाडी नागपूरला येऊन पोचली होती. नदीला पाणी चार महिने. आगगाडीला बारा महिने रूळ. कापसाने आगगाडी धरली यात नवल नाही.

असो. आगबोटी आपल्या गोदावरीत आल्या नाहीत, पण इंजिनाची होडी मात्र आली आहे. ती येते पुराच्या वेळी. २००६ च्या ऑगस्टात जायकवाडीतून पाणी सोडले तेव्हा गोदाकाठच्या गावांची काय दशा झाली, ते श्रोत्यांपैकी अनेकांनी स्वतः भोगले आहे. अशा वेळी झाडावर किंवा धाब्यावर बसलेल्या माणसांना रबरी होडी दिसली की जीवात जीव येतो. आता प्रश्न असा, की दहा माणसे बसल्यावर ती होडी ओढीविरुद्ध पुढे सरकेल का? पुष्कळांना वाटते, की हे सारे इंजिनाच्या अश्वशक्तीवर अवलंबून आहे. मलाही तसेच वाटत असे. पण यंत्राने पाण्याला पकडायचे कसे, या एका कोड्यापायी माणसाने अर्धे शतक घालवले आहे, आणि त्या गोष्टीतला पहिला अंक आपल्या मुंबईत घडला.

मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांच्या हाताखाली ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट तयार झाली. वजन ४११ टन, ऐंशी-ऐंशी अश्वशक्तीची दोन इंजिने आणि दोन्ही बाजूंना पाणचक्कीसारखी मोठी चाके. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्यात सुमारे साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती, आणि एडनपर्यंतचा पल्ला त्याच्या दुप्पट! मग काय, खोल्यांत कोळसा, डेकवर कोळसा, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा. बोट इतकी खाली बसली, की चाके ठरल्यापेक्षा कितीतरी खोल बुडाली. चाकाची फळी पाण्यात थोडीच बुडाली पाहिजे. ती फार बुडाली तर वर येताना उगाच पाणी उचलत बसते, आणि इंजिनाचे बळ बोट ढकलण्याऐवजी पाणी उपसण्यात खर्च होते. मोटेचा अनुभव असलेल्यांना हे सांगायला नको. अकराव्या दिवशी बोट एडनला पोचली तेव्हा तिच्यात जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता. म्हणजे इंजिन तेच, बोट तीच. नुसते चाक किती खोल बसले यावर सारा हिशेब फिरला.

याच वाडिया घराण्यात अर्देसर कर्सेटजी हा हुशार तरुण होता. त्याने आधी एक अश्वशक्तीचे छोटे वाफेचे इंजिन स्वतः घडवून विहिरीचे पाणी वर चढवले, आणि १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाच्या लहान होडीवर दहा अश्वशक्तीचे इंजिन बसवले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. पुढे १८५१ मध्ये त्याने ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली, तिच्या इंजिनाचे भाग मुंबईत स्वतःच्या भट्टीत ओतून. आपल्या शाळेच्या पुस्तकांत या माणसाला चार ओळीसुद्धा मिळत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

तिकडे विलायतेत याच सुमारास चाकाला पर्याय शोधणे चालू होते. आणि तो शोधणाऱ्यांपैकी एक इंजिनियर नव्हता, होता शेतकरी! फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा लंडनजवळ हेंडन येथे गुरे-मेंढ्या पाळणारा माणूस. शेतातल्या तळ्यात खेळण्यातली होडी सोडून तो प्रयोग करी. स्क्रू जसा लाकडात शिरतो, तसा मोठा स्क्रू पाण्यात फिरवला तर बोट पुढे जाईल, ही त्याची कल्पना. १८३६ च्या मे महिन्यात त्याने पेटंट घेतले. स्वीडनच्या एरिक्सनने आणखी सहा आठवड्यांनी. स्मिथचा पहिला स्क्रू लाकडी, दोन पूर्ण वेढ्यांचा होता. १८३७ मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना तो कशाला तरी अडकला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. आता बोट थांबणार म्हणावे, तर ती एकदम जोरात पळू लागली! लांब स्क्रूपेक्षा आखूड पाती बरी, हे असे अपघाताने कळले. त्यातूनच आजचा पंखा जन्मला.

१८४५ मध्ये इंग्रज आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ या दोन बोटी शेपटीला शेपटी बांधून उलट दिशांना ओढायला लावल्या. रॅटलरने अलेक्टोला फरफटत नेले. ही गोष्ट सगळे सांगतात. खरे म्हणजे त्या दिवशी रॅटलरच्या इंजिनाचे बळही जास्त होते, आणि आरमाराने पंख्याच्या बोटी आधीच मागवल्या होत्या. मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची हकीकत. त्याआधी रॅटलरवर निरनिराळ्या घडणीचे पंखे एकामागून एक चढवून, पुन्हा पुन्हा धावून, मोजमापे घेतली गेली होती. बोट तीच, इंजिन तेच, पंखा वेगळा, की वेग वेगळा.

आता या पंख्याचे मर्म काय? नटबोल्टचे आटे आठवा. बारीक आट्यांचा बोल्ट एका फेऱ्यात थोडाच सरकतो, पण हाताला हलका लागतो. मोठ्या आट्यांचा भरभर सरकतो, पण जड जातो. पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकायला हवा, तेवढी त्याची चाल. कारागीर तिला पीच म्हणतात. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने थोडे घसरणे होतेच. जास्त पीचचा पंखा सुटलेल्या रिकाम्या होडीला पळवतो. पण भरलेली होडी जागेवरून उचलायची असेल तर तोच पंखा इंजिनाला जड होतो. मालाने भरलेला ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये उठवण्यासारखेच ते.

पंख्याला अतिरेकही चालत नाही. १८९४ मध्ये पार्सन्सने ‘टर्बिनिया’ बोटीला आपले नवे टर्बाइन लावले आणि एकच पंखा सुसाट फिरवला. बोट वीस नॉटही गाठीना. पात्यांच्या पाठीमागे पाण्यात पोकळ्या होऊन पकड सुटत होती. त्याने तीन दांडे बसवले, प्रत्येकावर तीन पंखे, आणि तीच बोट चौतीस नॉटवर गेली.

होडीच्या मागे अडकवायचे इंजिन अमेरिकेत ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ पासून विकायला आणले. दीड अश्वशक्ती, बासष्ट पौंड वजन. तळ्यात वल्ही मारून आणेपर्यंत आइस्क्रीम वितळले, म्हणून त्याला हे सुचले असे सांगतात. आपल्या पुराच्या होड्यांवर त्याचाच वंश आहे.

पावसाळ्यापूर्वी काठावर अशा होड्यांची तालीम होते. एका वर्षी मी बघायला उभा होतो. रिकामी होडी वाऱ्यासारखी गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दहा जण बसले. इंजिन कण्हू लागले, होडीने नाक आभाळाकडे केले, मागचा भाग पाण्यात बसला, आणि ती पाण्यावर चढेचना. नुसती नांगरासारखी पाणी कापत राहिली. कोणी म्हणाले, इंजिन बदला. तालमीला कोकणातून आलेला एक जाणता मिस्त्री होता. त्याने फेरे मोजायचे यंत्र लावले. पूर्ण रेसवर निदान ५,००० फेरे हवेत, पडत होते ४,७००. त्याने इंजिनाच्या पायावरची आडवी पट्टी पाहिली, ती होडीच्या तळापेक्षा बरीच खाली होती. म्हणजे ह्यू लिंडसेचेच दुखणे! त्याने इंजिन थोडे वर घेतले, पट्टी तळाच्या पातळीत आणली. आणखी वर घेतले तर पंखा हवा ओढून नुसता भिरभिरेल, असेही सांगितले. इंजिनाचा कल आत, होडीकडे घेतला. मागे दाटीने बसलेल्यांपैकी चौघांना पुढे बसवले. मग पंखा काढून दोन इंच कमी पीचचा चढवला; एक इंचाला साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात म्हणाला. सगळे मिळून अर्धा तास लागला.

पुन्हा दहा जण बसले. फेरे ५,१०० वर गेले, नाक थोडे उचलले आणि लगेच खाली आले, होडी पाण्यावर चढली. रिकामी असताना ती आता पहिल्याइतकी पळणार नव्हती, हे त्याने आधीच बजावले होते. काढलेला पंखा वाळूत पडला होता. मी तो उचलून पाहिला, तर एका पात्याचे टोक दगडावर आपटून वाकलेले. मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, हे कोणी बघितलंच नसतं. आणि पुरात त्याच्यावर माणसं बसली असती.”